दुनळी रायफलीचं पितळ: पुंगळी निवडण्यापासून पुन्हा भरण्यापर्यंत

मामा गेले त्यानंतर काटोलकडच्या घराच्या माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आत मेणकापडात गुंडाळलेल्या अकरा रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं होती. माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब आणि अंगठ्याहून जरा बारीक. बुडावर ठसा होता कायनॉक, .४७०. मामांची दुनळी रायफल परवान्यावर होती आणि नंतर ती रीतसर मामेभावाच्या नावावर झाली. त्याचा पहिला प्रश्न हाच होता, ‘दादा, या पुंगळ्या पुन्हा भरता येतील का?’

मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये एकवीस वर्षं काढली, त्यामुळे पितळ माझ्या ओळखीचं. पण काडतुसाचं पितळ वेगळ्या जातीचं असतं, आणि मोठ्या बोअरच्या दुनळीचं त्याहून वेगळं. ते मी शिकलो दक्षिण आफ्रिकेत असलेल्या मावसभावाच्या बाकावर. तिथे त्याच्याकडे रायफलीचे आणि काडतुसं भरण्याचे सगळे कागद आहेत. दोन सुट्ट्या त्याच्याजवळ बसून जे हातात आलं, ते नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी इथे मांडतो आहे. विदर्भात अशी रायफल वारशाने आलेली घरं अजून आहेत. मध्य प्रांत हा शिकारीचा मुलूख होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण रायफली कपाटात राहिल्या आणि त्यांच्याबरोबर असे डबेही.

आधी कागद

शस्त्र कायदा १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रंही येतात. काडतूस तयार करायला त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना हातात आहे म्हणजे घरी काडतुसं भरायची मुभा मिळाली, असं अजिबात समजू नका. नागपूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय, तिथे लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. काडतुसात भरायची दारू साठवायची म्हटली की स्फोटकांचा कायदा लागतो. तो राबवणारी केंद्रीय संस्था म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय आपल्याच नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात, हेही वारसदारांनी लक्षात ठेवावं.

रिकामी पुंगळी आठवण म्हणून खिशात किंवा बॅगेत टाकून विमानतळावर जाऊ नका. तपासणीत ती सापडते आणि पुढची फ्लाइट राहते बाजूला, तुम्ही पोलीस ठाण्यात बसता.

म्हणून या लेखाचे दोन भाग धरा. पुंगळी ओळखणं, तपासणं आणि जपणं हे प्रत्येक परवानाधारकाच्या कामाचं आहे. प्रत्यक्ष भरण्याचं काम ज्याच्याकडे तसा परवाना आहे किंवा जो अशा देशात राहतो जिथे ते कायदेशीर आहे, त्यानेच करायचं.

पुंगळीच्या आधी रायफल वाचा

नळ्या उघडा, खालच्या चपट्या भागावरचे ठसे भिंगाने बघा. इंग्रजी बनावटीच्या रायफलीवर तिथे चाचणीचे ठसे असतात, आणि पुष्कळदा कोणती दारू किती वजनाची आणि गोळी किती ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), हेही कोरलेलं असतं. मामांच्या रायफलीवर कॉर्डाइट (जुनी बिनधुराची दारू) ७५ आणि गोळी ५०० असं आहे. ही त्या रायफलीची कुंडलीच समजा, फोटो काढून ठेवा.

इथे एक घोळ जिवावर बेततो. .५०० बोअरची तीन इंची पुंगळी काळ्या दारूच्या जुन्या रायफलीतही बसते आणि नायट्रो एक्सप्रेसमध्ये, म्हणजे बिनधुराच्या, जास्त दाबाच्या दारूसाठी बनलेल्या रायफलीतही बसते. दिसायला दोन्ही एकच. पण काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीला नायट्रोचा दाब पेलत नाही. मधे ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ नावाचा तिसरा प्रकार होता, त्यात काळ्या दारूच्या रायफलीसाठी बेताची नायट्रो दारू भरत. म्हणून ‘पुंगळी आत गेली, म्हणजे आपलीच’ हा हिशेब इथे चालत नाही. नायट्रोचा ठसा दिसला नाही तर जाणकार बंदूकसाजाला दाखवेपर्यंत ती रायफल झाडूच नका.

नावांचा गुंता तर आपल्याच देशामुळे वाढला. रिग्बी कंपनीने १८९८ साली .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली आणि ती लगेच गाजली. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने .४५० बोअर हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफली याच बोअरच्या होत्या, आणि बंडखोरांच्या हाती गोळ्या लागतील ही भीती होती. मग विलायतेतल्या प्रत्येक कारखानदाराने जरासा वेगळा बोअर काढला. .४७०, .५००/४६५, .४७५, .४७५ नंबर दोन, सगळे त्या धांदलीतले. .४७५ नंबर दोनमध्ये तर एका नावाखाली दोन जाडीच्या गोळ्या आहेत, साधारण .४८३ इंच आणि जेफरीची .४८८ च्या आसपास. .४५०/४०० ची पुंगळी तीन इंची आहे आणि सव्वातीन इंचीही. .५७७ ची पावणेतीन, तीन आणि सव्वातीन. त्यामुळे नळीवरच्या आकड्यावर विसंबू नका. चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीचा ठसा काढून घ्या. त्यासाठी कमी उष्णतेला वितळणारा खास मिश्रधातू मिळतो. त्यावर व्हर्निअर लावून लांबी, गळा आणि कडेची जागा मोजून घ्या. मऊ शिशाची गोळी नळीतून हळूच ढकलून बोअरही मोजा. हे काम बंदूकसाज अर्ध्या दिवसात करून देतो.

माळ्यावरच्या डब्याचं काय झालं

आता त्या अकरा पुंगळ्या. गळ्याच्या तोंडातून टॉर्च मारून तळाशी बघितलं. तळाला मध्ये एकच भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची पुंगळी. तोंडातून सुई घालून जुनी टोपी, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी वाटी, सरळ बाहेर पडते. आमच्या डब्यातल्या सगळ्यांत दोन बारीक भोकं होती, एकमेकांजवळ बसलेल्या दोन डोळ्यांसारखी, आणि त्यांच्या मधे एक छोटा उंचवटा. ती बर्डन पद्धत. त्यांची टोपी काढायला वेगळं हत्यार लागतं, आणि त्या मापाच्या टोप्या आता मुश्किलीने मिळतात. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज कर्नल आणि बर्डन हा अमेरिकन कर्नल. पण विलायतेने बर्डनची पद्धत धरली आणि अमेरिकेने बॉक्सरची.

त्याहून मोठी अडचण पाऱ्याची. जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचं संयुग असायचं. बार झाला की पारा पितळात शिरतो आणि पितळ आतून ठिसूळ होतं. बाहेरून पुंगळी झकास दिसते. म्हणून जुन्या कायनॉक पुंगळ्या कितीही चमकत असल्या तरी पुन्हा भरायच्या नाहीत, हा माझा पक्का नियम.

आमच्या डब्याने तर आणखी एक धडा दिला. अकरांपैकी चार पुंगळ्यांच्या गळ्यावर केसासारख्या उभ्या भेगा होत्या. नखाने जाणवत नव्हत्या, पण भिंगाखाली स्पष्ट दिसत होत्या. एकीला मी दोन बोटांत जरासं दाबलं आणि गळ्याचा तुकडा पापडासारखा सुटून हातात आला. तो डबा ज्या माळ्यावर होता त्याच्या खालीच गोठा होता. चाळीस वर्षं गोमूत्राची वाफ वर जात होती.

हे नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेला हाच अनुभव आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळं आपोआप तडकायची. कारण कळायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात दडलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. काडतुसाच्या पितळात सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असतं. हे मिश्रण ओढून लांब करता येतं म्हणूनच त्याची पुंगळी होते, पण ओढताना त्यात ताण राहतो. पुंगळ्या गोठ्याजवळ ठेवू नका, आणि अमोनिया असलेली पितळ चमकवायची द्रावणंही त्यांना लावू नका.

नवी पुंगळी निवडताना

या बोअरची नवी पितळं आजही बनतात. स्वीडनची नॉर्मा, अमेरिकेची हॉर्नाडी, ऑस्ट्रेलियाची बर्ट्रम ही माहितीतली नावं. सगळी बॉक्सर पद्धतीची असतात. एका रायफलीसाठी एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या पुंगळ्या घ्या. कारण साधं आहे, बाहेरचं माप तेच असलं तरी भिंतीची जाडी कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे आतली जागा कमी-जास्त होते. तेवढीच दारू जाड पुंगळीत भरली की दाब वाढतो. घरी आल्यावर प्रत्येक पुंगळी काट्यावर तोला, फार वेगळी निघाली तर बाजूला ठेवा.

मग बुडाची कडा मोजा. या काडतुसांचा चेंबरमधला आधार म्हणजे ही कडाच, जेमतेम मिलिमीटरभर जाड. कडा जाड असेल तर रायफल मिटत नाही, आणि जोर लावून मिटवली तर शंभर वर्षं जपलेल्या बिजागरीची वाट लागते. कडा पातळ असेल तर बार होताना पुंगळी मागे सरकते आणि बुडाच्या जरा वर ताणली जाते. पुढच्या बारांत तिथेच ती तुटते.

नळ्या साफ आणि कोरड्या करून रिकामी पुंगळी चेंबरच्या तोंडाशी धरा आणि सोडा. ती स्वतःच्या वजनाने सर्रकन खाली जाऊन कडेवर टेकली पाहिजे. अंगठ्याने ढकलावी लागली तर बसत नाही असंच समजा. बोल्ट रायफलीत बोल्टचा जोर असतो, तो पुंगळी आत दाबतो आणि बारानंतर ओढून काढतो. दुनळीत तसा जोर नसतो, म्हणून इथे पितळ सैलसर आणि दाब मवाळ लागतो.

भंडाऱ्याचा तांबट आणि पुंगळीचा गळा

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात हे नागपूरकरांना सांगायला नको. लहानपणी आजीबरोबर घागर घ्यायला गेलो होतो तेव्हा तांबट पत्रा ठोकता ठोकता मधेच थांबला, पत्रा भट्टीत घातला, लालसर झाल्यावर काढला आणि पाण्यात बुडवून पुन्हा ठोकायला बसला. आजीने विचारलं, ‘हे कशापायी?’ तो म्हणाला, ‘बाई, पितळ ठोकलं का रागावते. भट्टीत गेलं का शांत होते.’

काडतुसाच्या पितळाचं अख्खं शास्त्र त्या वाक्यात आहे. प्रत्येक बाराला गळा फुगतो, डायमध्ये, म्हणजे पुंगळी मापात आणायच्या साच्यात, पुन्हा आवळला जातो. असं चार-सहा वेळा झालं की गळा कडक होतो, गोळी सारखी धरत नाही, आणि शेवटी तडकतो. म्हणून गळा मधून मधून तापवून नरम करावा लागतो. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, लोहाराकडे आपण तेच पाहिलेलं असतं. पितळाचं उलट आहे. बुडवा किंवा हवेत गार होऊ द्या, नरम झालेलं पितळ नरमच राहतं. पाणी फक्त उष्णता खाली उतरू नये म्हणून.

खरी गोष्ट आहे ती उष्णता कुठवर जाते ही. पुंगळीचं बूड कारखान्यातून मुद्दाम कडक केलेलं असतं, कारण तिथे सगळा दाब अडवायचा असतो. बूड तापून नरम झालं तर ती पुंगळी कायमची गेली, आणि ते परत कडक करायचा घरी मार्ग नाही. मावसभाऊ उथळ ताटात पाणी घेऊन त्यात पुंगळ्या अर्ध्यापर्यंत बुडतील अशा उभ्या करतो. खोलीत अंधार करतो. गॅसच्या ज्योतीने एकेकीचा गळा चारही बाजूंनी तापवतो आणि अगदी अंधूक लाली दिसायला लागली, की लगेच काडीने पुंगळी पाण्यात आडवी पाडतो. चर्रकन आवाज येतो. भगभगीत लाल होईपर्यंत थांबलात तर जस्त जळायला लागतं आणि पितळ पिठूळ होतं. पहिल्या दिवशी मी दोन पुंगळ्या अशाच जाळल्या, आणि त्याने त्या माझ्यासमोर पक्कडीने चेपून टाकल्या, चुकूनही पुन्हा डब्यात जाऊ नयेत म्हणून.

पुंगळीची तयारी

वापरलेली पुंगळी हातात आली की आधी आतून तपासा. सायकलच्या स्पोकचं टोक काटकोनात वाकवून अणकुचीदार करा, आत घाला आणि भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. बुडाच्या जरा वर टोक खड्ड्यात अडकल्यासारखं वाटलं तर तिथे पितळ पातळ झालंय. बाहेरून त्याच जागी चकचकीत रेघ गोल फिरलेली दिसली तरी तेच. अशी पुंगळी चेपून मोडीत टाका.

धुवायला घरात चिंच-मीठ लावायची सवय असते, ती इथे नको. मीठ मुळीच नको. आंबटात फार वेळ ठेवलं तर जस्त निघून पितळ गुलाबी दिसायला लागतं, म्हणजे ते कमकुवत झालं. चमचाभर लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून त्यात काही मिनिटं हलवा, मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. नागपूरच्या उन्हात तासाभरात कोरडी होते. पावसाळ्यात मात्र आतल्या पाण्याचा थेंब दोन दिवस तसाच राहतो, तेव्हा पंख्याखाली तोंड खाली करून ठेवा.

डायमध्ये घालण्याआधी पुंगळीच्या अंगाला लॅनोलिनचा (लोकरीच्या मेणाचा) पातळ हात फिरवा. जास्त झाला तर पुंगळीवर पोचे पडतात. ही पितळं लांबलचक आहेत, एकदम ओढू नका, थोडं आत, थोडं मागे, असं करा. नंतर तेल पूर्ण पुसून काढायचंच. कोरडी पुंगळी बाराच्या वेळी चेंबरच्या भिंतीला धरून बसते. तेलकट पुंगळी निसटते आणि सगळा धक्का मागे फळीवर, म्हणजे पुंगळीच्या बुडामागच्या रायफलीच्या भिंतीवर जातो. जुन्या दुनळीला हे सोसत नाही.

मग लांबी. .४७० ची पुंगळी सव्वातीन इंच, म्हणजे ८२.५५ मिलिमीटर. याहून लांब झाली तर कापायची, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्या एकसारख्या लांबीच्या हव्यात. कारण पुढे गळ्याची कडा गोळीच्या खाचेत मुरडायची असते. लांबी सारखी नसली की मुरडही सारखी बसत नाही. उजव्या नळीच्या धक्क्याने डाव्या नळीतलं काडतूस हलतं, आणि सैल मुरडीतली गोळी जागा सोडते.

भरणं

इथे मी दारूचे आकडे देणार नाही. ते ज्या कंपनीची दारू आणि गोळी वापराल तिच्या छापील तक्त्यातून घ्यायचे, खालच्या आकड्यापासून सुरू करायचे आणि कुणाच्या तोंडी आकड्यावर विसंबायचं नाही. कॉर्डाइटचे जुने आकडे आजच्या दारूला लागू होत नाहीत, मग नळीवर ते कोरलेले का असेनात. टोपी कोणती आणि मोठ्या पुंगळीतली उरलेली जागा कशाने भरायची, हेही तक्ता सांगतो. जुन्या पातळ नळ्यांमध्ये सबंध तांब्याच्या किंवा पितळेच्या कडक गोळ्या घालण्याआधी बंदूकसाजाला विचारा.

ध्येय मात्र समजून घ्या. दुनळीच्या दोन नळ्या कारखानदाराने एका ठरावीक वेगासाठी जुळवलेल्या असतात. .४७० साठी तो ५०० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला साधारण २१५० फूट. बार होताना उजवी नळी उजवीकडे वर सरकते आणि डावी डावीकडे. गोळी संथ असेल तर नळीत जास्त वेळ राहते, नळी जास्त सरकते, आणि दोन्ही गोळ्या एकमेकींपासून लांब पडतात. गोळी फार वेगवान असेल तर वाटा एकमेकींना छेदतात. म्हणून दुनळीत जास्त दारू भरून काहीच मिळत नाही, आणि जुळणी मात्र जाते.

नागपूरचा मे महिना हा वेगळा विषय. ४५ अंशांत दारू जास्त जोरात जळते. विलायतेतले कारखाने याच कारणाने हिंदुस्थानासाठी कमी भाराची काडतुसं वेगळी बनवत. काडतुसं उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आणि मार्चमध्ये नीट बसलेला भार मे महिन्यात पुन्हा तपासा.

कागदावर तपासणं

मान्यताप्राप्त रेंजवर पन्नास यार्डांवर पांढरा कागद लावा. आधी उजवी, लगेच डावी, हा क्रम. मग नळ्या हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, आणि पुढची जोडी. उजव्या नळीच्या भोकांवर ‘उ’ आणि डाव्यांवर ‘डा’ पेन्सिलने लिहा, नाहीतर घरी आल्यावर काहीच कळत नाही. पुंगळी उघडल्याबरोबर सहज बाहेर आली पाहिजे. अडकली, किंवा टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली, तर तिथेच थांबा, उरलेली काडतुसं तशीच परत न्या आणि भार कमी करा.

बार झालेल्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यात चिठ्ठी टाका, किती वेळा भरल्या, गळा शेवटचा कधी तापवला, कोणता लॉट. मामेभावाने त्यासाठी नवा स्टीलचा डबा घेतलाय, आत सिलिका जेलची पुडी आहे, आणि तो शहरातल्या घरी रायफलीच्या कुलूपबंद कपाटात ठेवलाय. मामांच्या अकरांपैकी शाबूत उरलेल्या सातही पुंगळ्या त्याच कपाटात आहेत, पण वेगळ्या कापडात बांधून, वर लाल शाईने लिहून: ‘पारा. भरायच्या नाहीत.’